४२९४९६७२९७: मूळ संख्येचं सोंग घेतलेली संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अंकांत लिहायची तर ४२९४९६७२९७. दहा अंक, शेवटी ७. ही मूळ संख्या आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कुठल्याच संख्येने निःशेष भाग जात नाही ना, असा प्रश्न आहे.

शाळेत शिकलेल्या कसोट्या आधी लावू. संख्या विषम आहे, म्हणून २ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ गेला. अंकांची बेरीज ५९ येते, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ ही गेला. ११ ची कसोटी एकाआड एक अंक मिळवून आणि वजा करून लावतात. इथे उत्तर वजा १७ येतं, म्हणजे ११ पण बाद. ७ ने भागलं तर ५ उरतात. १३ ने भागलं तर १०. असं करत १७, १९, २३ पर्यंत गेलं तरी काही हाती लागत नाही, आणि साहजिकच माणसाला वाटू लागतं की ही संख्या मूळ असावी.

हे वाटणाऱ्यांत पिएर द फर्मा होता. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस पेशाने कायद्याच्या क्षेत्रातला, पण संख्यांची जाण त्याच्याइतकी त्या काळात क्वचितच कुणाला असेल.

ही संख्या त्याच्यासमोर कुठून आली? तिची घडण पाहिली की कळतं. २ ला २ ने गुणत गेलो की ४, ८, १६ असं करत २ चा सोळावा घात ६५५३६ येतो. त्याचा वर्ग केला की २ चा बत्तिसावा घात मिळतो: ४२९४९६७२९६. त्यात १ मिळवला की आपली संख्या. म्हणजे दिसायला ओबडधोबड असली तरी ती अगदी थोडक्यात सांगता येते: २ चा ३२वा घात, अधिक १.

तिच्या अलीकडच्या दोन संख्या संगणकाशी संबंध असलेल्यांच्या ओळखीच्या असतील. ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत, एकूण ४२९४९६७२९६ वेगवेगळ्या नोंदी बसतात. शून्यापासून मोजायला सुरुवात केली तर त्यांतली सर्वांत मोठी ४२९४९६७२९५. आपली संख्या त्या मर्यादेच्या किंचित पलीकडे आहे. तिघींमध्ये फरक एकेकाचा, पण गुणधर्म बघाल तर त्या एकमेकींच्या नात्यातल्याही वाटणार नाहीत. मधली नुसत्या २ ने बनलेली आहे, ३२ वेळा २, दुसरा कुठलाच मूळ अवयव नाही. अलीकडची पाच वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आणि पलीकडचीने फर्माला चकवलं.

फर्माने २ च्या घातांत १ मिळवून पाहिला. घातांक मात्र कुठलाही घेऊन चालत नाही. घातांकाला १ पेक्षा मोठा विषम अवयव असेल तर संख्या फुटतेच. उदाहरणार्थ २ चा ६वा घात अधिक १ म्हणजे ६५. त्यातल्या ६ मध्ये ३ आहे, म्हणून त्याला २ चा वर्ग अधिक १, म्हणजे ५ ने भाग जातो. घातांकात विषम काही नको म्हटलं की उरतात १, २, ४, ८, १६, ३२ असे दुपटीने वाढणारे घातांक. त्यांतून येणाऱ्या संख्या अशा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ आहेत. सहावी आपली. १६४० साली फर्माने पत्रांतून कळवलं की या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असा आपला विश्वास आहे. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने कबूल केलं होतं.

पाचावरून सगळ्यांचा अंदाज बांधणं धाडसाचं खरं, पण सहावी तपासायची तरी कशी? एखादी संख्या मूळ आहे का हे पाहण्याचा सरधोपट मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं. इथे वर्गमूळ ६५५३६ च्या अगदी किंचित पुढे. तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करायला कोण बसणार?

गंमत अशी की एवढे करावेच लागले नसते. उत्तर ११६व्या मूळ संख्येवर येतं, ६४१ वर. चिकाटीने बसलेल्या माणसाचं हे काही दिवसांचं काम. फर्मा आकडेमोडीला घाबरणाऱ्यांतला नव्हता, म्हणून त्याच्या हातून हे निसटावं याचं मला अजून नवल वाटतं.

जवळजवळ ९० वर्षं कुणी काही केलं नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितीने लिओनार्ड ऑयलर या दुसऱ्या गणितीला पत्रातून विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर मांडलं: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. पटत नसेल तर कागदावर करून पाहा. ६७००४१७ ची ६०० पट ४०२०२५०२००, ४१ पट २७४७१७०९७. बेरीज बरोबर जुळते.

तेव्हा त्याने फक्त अवयव सांगितला. पद्धत पुढे काही वर्षांनी उलगडून दाखवली, आणि ती त्या अवयवापेक्षा मोलाची आहे. म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू.

समजा, प ही आपल्या संख्येला भागणारी एक मूळ संख्या आहे. २ चे घात एकामागून एक घ्यायचे, प्रत्येकाला प ने भागायचं आणि फक्त बाकी लिहीत जायची. या बाक्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात. ठरावीक पावलांनी पुन्हा १ वर येतात आणि तोच क्रम नव्याने सुरू होतो. फेरी किती पावलांची हे प वर ठरतं.

आता प ने आपल्या संख्येला भाग जातो, म्हणजे २ च्या ३२व्या घाताची बाकी १ ने कमी पडते, म्हणजे वजा १. तिचा वर्ग केला की ६४व्या घाताची बाकी १. म्हणजे ६४ पावलांवर काटा १ वर आला. फेरी ६४ ची, किंवा ६४ ला भागणाऱ्या एखाद्या लहान संख्येची. पण ६४ ला भागणाऱ्या बाकी सगळ्या संख्या ३२ लाही भागतात. फेरी तशी लहान असती तर काटा ३२व्या पावलावरही १ वर असता, आणि तिथे तर तो वजा १ वर आहे. म्हणून फेरी नेमकी ६४ पावलांची.

दुसरीकडे फर्माचाच एक नियम आहे, ज्याला त्याचं छोटं प्रमेय म्हणतात: प ही मूळ संख्या असेल आणि ती २ नसेल, तर २ चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी १ उरते. मग प − १ पावलांत पूर्ण फेऱ्या बसल्या पाहिजेत. म्हणजे प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

६५४२ उमेदवारांचं काय झालं बघा. आता पात्र फक्त तेच जे ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठे आहेत: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीतच. उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, आणि काम फत्ते. पुढे १८७८ मध्ये एद्वार ल्यूकाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेता येतात. मग यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच होते. त्यातल्या मूळ दोनच, २५७ आणि ६४१. पैकी २५७ तर न भागताच बाद होते: २ च्या आठव्या घाताला २५७ ने भागलं तर बाकी वजा १, सोळाव्याला १, बत्तिसाव्यालाही १, म्हणजे आपल्या संख्येची बाकी २. म्हणजे प्रत्यक्ष करायचा भागाकार फक्त एक.

आणि हे छोटं प्रमेय फर्माने कधी कळवलं होतं? १६४० मध्येच. त्याचा अंदाज मोडणारं हत्यार त्याच्याच हातात होतं, त्याच वर्षी.

६४१ चा भागाकार न करताही तो निःशेष जातो हे दाखवता येतं, आणि ते मला भागाकाराहून जास्त आवडतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक, ५ × १२८ + १, यात १२८ हा २ चा सातवा घात. दोन, ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून ५ × १२८ ची बाकी वजा १. चौथा घात घेतला की बाकी १. म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात, याची बाकी १. दुसऱ्यावरून १६ ची बाकी आणि वजा ६२५ ची बाकी सारखीच. आता २ चा ३२वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८वा घात. त्यात १६ च्या जागी वजा ६२५ ठेवला, की ६२५ हा ५ चा चौथा घात असल्यामुळे बाकी येते वजा १. वर १ मिळवला की शून्य. दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

दुसरा अवयव ६७००४१७. तो तरी मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर. तो फुटला तर त्याचे मूळ अवयव आपल्या दहा अंकी संख्येचेही अवयव असणार, म्हणून १२८ ची अट त्यांनाही लागू. २५८८ पर्यंत १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठ्या अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ आधीच बाद. ६४१ ने भागून ४४ उरतात, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकारांत सिद्ध झालं की ६७००४१७ मूळ आहे. सरधोपट मार्गाने याला शेकडो भागाकार लागले असते.

झेरा कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलाबद्दल एक नोंद सांगितली जाते. १८०४ मध्ये जन्मलेल्या या मुलाला तोंडी हिशेबांचे प्रयोग करायला लंडनला नेलं होतं. तिथे त्याला हीच संख्या दिली, तर त्याने ६४१ आणि ६७००४१७ हे अवयव मनातल्या मनात काढले.

शीर्षकात सोंग म्हटलंय, ते नुसतं लहान अवयव नाहीत म्हणून नाही. छोटं प्रमेय उलटं फिरवून मूळ संख्या ओळखण्याची एक झटपट कसोटी बनते: २ ला (संख्या − १) या घातापर्यंत न्या, संख्येनेच भागा, बाकी १ आली नाही तर ती मूळ नाही. आपली संख्या या कसोटीत उत्तीर्ण होते. तिने भागलं असता २ च्या ६४व्या घाताची बाकी १ येते, आणि संख्या − १ म्हणजे २ चा ३२वा घात, जो ६४ च्या पटीत आहेच. म्हणून बाकी १ येणारच. फर्माच्या मालिकेतली प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, या कसोटीला अशीच फसवते. २ च्या जागी ३ घेतला की मात्र पितळ उघडं पडतं: बाकी १ येत नाही. एकामागून एक ३२ वेळा वर्ग करून बाकी काढायची, बस. अवयव एकही कळत नाही, पण संख्या मूळ नाही हे निर्विवाद ठरतं.

अवयव न शोधताच फोडण्याची आणखी एक वाट वर्गांच्या बेरजेतून जाते. फर्माने मांडलेला आणि ऑयलरने सिद्ध केलेला नियम असा: ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. आपल्या संख्येला ४ ने भागून १ उरतो. एक प्रकार तर समोरच आहे: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण दुसराही निघतो: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. (२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, हे आपलं जाता जाता.) दोन प्रकार मिळाले, तिथेच मूळपणाचा दावा संपला.

या दोन प्रकारांतून अवयवही बाहेर काढता येतात. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून ६५५३६ आणि ६२२६४ यांच्या वर्गांतला फरक हा २०४४९ आणि १ यांच्या वर्गांतल्या फरकाएवढा. वर्गांतला फरक म्हणजे वजाबाकी गुणिले बेरीज. म्हणून ३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५०. आता ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि काढा: ८. आणि १२७८०० व २०४५० यांचा: ५०. दोघांचे अर्धे ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५, म्हणजे आपली ६४१. शिवाय ३२७२ ला ८ ने भागून ४०९ येतात, २०४४८ ला ८ ने भागून २५५६. या दोघांच्या वर्गांची बेरीज ६७००४१७. एकाही मोठ्या भागाकाराशिवाय दोन्ही अवयव हजर.

आता अलीकडची संख्या, ४२९४९६७२९५. ती फुटते अशी: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. म्हणजे फर्माच्या पहिल्या पाचही संख्या, प्रत्येकी एकदा. हा योगायोग नाही. ६५५३६ चा वर्ग वजा १ म्हणजे ६५५३५ × ६५५३७; ६५५३५ म्हणजे २५६ चा वर्ग वजा १, तो २५५ × २५७; असं खाली उतरत जायचं. फर्माच्या मालिकेत आधीच्या सगळ्यांचा गुणाकार करून २ मिळवले की पुढची संख्या मिळते. त्यातून एक मोठी गोष्ट निघते. मालिकेतल्या दोन संख्यांना एकच मूळ अवयव असेल, तर तो त्या २ लाही भागला पाहिजे. पण या सगळ्या विषम. म्हणून कुठल्याही दोघींत सामाईक अवयव नाही. मालिका अनंत, प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, म्हणजे मूळ संख्याही अनंत.

हे अवयव भूमितीतही सापडतात. १७९६ मध्ये, वयाची विशी गाठण्याआधी, गाउस या जर्मन गणितीने दाखवलं की फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. विषम बाजूंची आकृती काढता यायची तर बाजूंची संख्या ही फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार हवी. एरवी ती काढताच येत नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये पिएर वाँत्झेलने दिली. फर्माच्या मूळ संख्या पाच माहीत आहेत, त्यांच्यातून निवड करण्याचे प्रकार ३१. म्हणून विषम बाजूंच्या माहीत असलेल्या अशा आकृत्या ३१, आणि सर्वांत मोठीच्या बाजू ४२९४९६७२९५. ती खरोखर काढायला कुणी जाऊ नये, डोळ्यांना ते वर्तुळच दिसेल. तरी योहान गुस्ताव्ह हर्मेस या जर्मन गणितीने ६५५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यात दहा वर्षं घातली होतीच. त्या मानाने ४२९४९६७२९७ बाजूंची आकृती कुठल्याच रीतीने निघत नाही, कारण ६४१ फर्माच्या मालिकेत नाही.

हेच ३१ आकडे आणखी एका ठिकाणी भेटतात. पास्कलचा त्रिकोण घ्या, ज्यात टोकांना १ आणि आतला प्रत्येक आकडा म्हणजे वरच्या दोघांची बेरीज: १, मग १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १. त्यातल्या प्रत्येक विषम आकड्याच्या जागी १ आणि समच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा. येतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७. पहिल्या ३२ ओळींत ४२९४९६७२९५ चे सगळे, म्हणजे बरोबर ३२ विभाजक क्रमाने येतात. १ सोडला तर उरलेले तेच ३१ बहुभुज. तेहतिसाव्या ओळीत दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्यं, म्हणजे ४२९४९६७२९७. इथे त्रिकोणाची आणि बहुभुजांची जुळणी तुटते.

फर्माच्या मालिकेत आपल्या संख्येनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ च्या ६४व्या घातात १ मिळवून येणारी संख्या १८८० मध्ये फुटली. तिचा लहान अवयव २७४१७७. पहिल्या संख्येला शून्यावी धरून मोजलं तर आपली पाचवी, आणि पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या मूळ नाहीत हे माहीत आहे. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्यांचं तर विचित्रच आहे: त्या फुटतात हे सिद्ध झालंय, पण अवयव एकही हाती आलेला नाही. तेहतिसाव्या संख्येत २५८ कोटींहून जास्त अंक आहेत आणि तिच्याबद्दल निकालच लागलेला नाही. या मालिकेत पुढे कुठे एक जरी नवी मूळ संख्या निघाली, तर ३१ आकृत्यांच्या ६३ होतील.